रेशनला कात्री लावायची की रेशन सुधारायचे? बीपीएल कार्डाचा हिशेब सोप्या भाषेत

2024 च्या नोव्हेंबरमध्ये कर्नाटकात बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची, रेशन कार्डे रद्द होऊ लागल्याच्या बातम्या आल्या आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतही आपले कार्ड राहिले की गेले याची विचारपूस सुरू झाली. ओरड वाढल्यावर सरकारी नोकर आणि प्राप्तिकर भरणारे वगळता इतरांची कार्डे काढली जाणार नाहीत, आणि चुकून काढलेली परत दिली जातील, असे सरकारने जाहीर केले. त्या वेळचा गोंधळ शमला असला तरी वाद शमलेला नाही. एका बाजूला ‘दारात मोटार उभी आहे आणि हातात बीपीएल कार्ड’ ही तक्रार आहे, तर दुसऱ्या बाजूला दोन वेळच्या भातासाठी ज्यांना या कार्डाखेरीज आधार नाही अशी घरे आहेत. दोन्ही गोष्टी एकाच गल्लीत खऱ्या असतात, म्हणून हा विषय घोषणांपेक्षा हिशेबाने समजून घेतलेला बरा.

धान्य कोणाचे, योजना कोणाची?

दुकानात एकाच वजनकाट्यावर मिळणाऱ्या तांदळामागे दोन सरकारे असतात. केंद्र सरकारचा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 साली झाला. त्यानुसार ग्रामीण भागातील 75 टक्के आणि शहरी भागातील 50 टक्के लोकसंख्येपर्यंत स्वस्त धान्य पोहोचवायचे आहे. देशभर ही संख्या सुमारे 81 कोटी होते. सर्वसाधारण पात्र कुटुंबाला, म्हणजे आपण ज्याला बीपीएल म्हणतो त्याला, माणशी महिना 5 किलो धान्य मिळते. अतिगरीब कुटुंबांच्या अंत्योदय कार्डावर माणसे कितीही असोत, कुटुंबाला महिना 35 किलो मिळतात. सुरुवातीला तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरड धान्य 1 रुपया किलो असा दर होता. जानेवारी 2023 पासून केंद्राचे हे धान्य मोफत झाले आणि जानेवारी 2024 पासून ती मुदत आणखी पाच वर्षांनी वाढवण्यात आली.

यावर कर्नाटक सरकारची ‘अन्नभाग्य’ ही भर आहे. ती 2013 मध्ये सुरू झाली आणि 2023 च्या निवडणुकीत माणशी 10 किलोचे आश्वासन दिले गेले. थोडक्यात, दहापैकी पाच किलो केंद्राचे आणि वरचे पाच राज्याचे. केंद्राचे पाच किलो हा संसदेने केलेल्या कायद्याने दिलेला हक्क आहे, राज्याचे पाच किलो हा मंत्रिमंडळाचा निर्णय आहे, आणि म्हणून राज्याच्या भागात आतापर्यंत अनेकदा बदल झाले तरी केंद्राचा भाग जागचा हलला नाही. रेशन बंद होणार अशी अफवा उठली की आधी विचारावे, कोणते पाच किलो?

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. केंद्राने प्रत्येक राज्याला किती लोकांचे धान्य द्यायचे ते 2011 च्या जनगणनेवरून ठरवले आहे. त्यानंतर लग्ने झाली, मुले झाली, वाटण्या होऊन एका घराची तीन घरे झाली, पण कोटा तोच राहिला. कर्नाटकाच्या वाट्याला सुमारे 4 कोटी लोक येतात. त्यापलीकडच्या कार्डांचा भार राज्याला स्वतःच्या तिजोरीतून उचलावा लागतो. नवे कार्ड मागणाऱ्या तरुण जोडप्याला महिनोन्‌महिने थांबावे लागते त्यामागे हेही एक मोठे कारण आहे.

गरीब कोण, हे ठरवायचे कसे?

1997 पर्यंत रेशन तत्त्वतः सर्वांसाठी होते. त्या वर्षापासून ‘लक्ष्यित’ व्यवस्था आली, म्हणजे आधी गरीब कोण ते ठरवायचे आणि मगच त्याला धान्य द्यायचे. ही निवड धान्य चाळण्यासारखी आहे. चाळणीची भोके मोठी ठेवली तर दाण्याबरोबर खडेही खाली येतात; बारीक ठेवली तर खडे अडतात, पण टपोरा दाणाही वरच राहतो. पहिल्या प्रकारात अपात्र माणूस आत येतो, दुसऱ्या प्रकारात पात्र माणूस बाहेर राहतो. वर्तमानपत्रांत बातमी होते ती बहुधा पहिल्या चुकीची, कारण मोटार डोळ्यांना दिसते आणि उपाशी झोपलेले घर दिसत नाही.

कर्नाटकातील निकष पाहा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 1 लाख 20 हजारांपेक्षा जास्त नसावे. घरात सरकारी नोकर किंवा प्राप्तिकर भरणारा नसावा. तीन हेक्टरांहून अधिक कोरडवाहू किंवा त्या तोडीची बागायत जमीन नसावी. शहरात हजार चौरस फुटांहून मोठे पक्के घर नसावे. आणि पोटापाण्यासाठी चालवलेले एक वाहन सोडून दुसरे चारचाकी वाहन नसावे.

यातली उत्पन्नाची अट सर्वांत वाजवी वाटते आणि तीच सर्वांत डळमळीत आहे. 1 लाख 20 हजार म्हणजे महिन्याला 10 हजार, दिवसाला सुमारे 330 रुपये, आणि तेही एकट्याचे नव्हे, सगळ्या घराचे. 2025-26 मध्ये रोजगार हमीच्या कामाचा कर्नाटकातील सरकारी दर दिवसाला 370 रुपये होता. नवरा-बायको दोघांनी या दराने वर्षातून दोनशे-दोनशे दिवस कुठेही मजुरी केली तर 1 लाख 48 हजार होतात. म्हणजे सरकारने स्वतः ठरवलेली मजुरी मिळवणारे भूमिहीन जोडपे, वर्षातले पाच महिने रिकामे बसूनही, सरकारच्याच हिशेबाने गरीब राहत नाही. अशी अट असली की लोक खरे उत्पन्न सांगत नाहीत, उत्पन्नाचा दाखला जमेल त्या आकड्याचा काढला जातो आणि तो देणाऱ्यालाही हे ठाऊक असते. शेजारी चंदगड किंवा कागल तालुक्यात तर ही मर्यादा याहून खाली आहे: महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे तिथल्या सर्वसाधारण पात्र कुटुंबासाठी, ग्रामीण भागात 44 हजार आणि शहरात 59 हजार रुपये. एकाच आजोबांच्या दोन नातवंडांपैकी निपाणीचा गरीब ठरावा आणि कागलचा ठरू नये, हे केवळ राज्याच्या सीमेच्या कोणत्या बाजूला घर आहे त्यावर अवलंबून असते.

प्राप्तिकराच्या निकषातही एक खाच आहे. कर भरणे आणि विवरणपत्र भरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मालवाहू रिक्षासाठी किंवा यंत्रमागासाठी कर्ज हवे असेल तर बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते, म्हणून अनेक जण शून्य कराचे विवरणपत्र भरून ठेवतात. संगणकावर दोन याद्या जुळवून पाहिल्या की असा माणूस ‘प्राप्तिकरवाला’ म्हणून बाजूला पडू शकतो. 2024 च्या गोंधळात ही तक्रार राज्यभर ऐकू आली.

ज्याला तांदूळ नको, त्याला तरी कार्ड कशाला हवे असते?

माझ्या मते या वादाचे मर्म इथे आहे. सुस्थितीतले कितीतरी कार्डधारक रेशनचा तांदूळ खातच नाहीत, तरी कार्ड सोडायला तयार होत नाहीत. कारण कार्ड हा गरिबीचा सर्वमान्य दाखला होऊन बसला आहे. ‘आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक’ योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरचे, कार्ड असेल तर ठरवलेल्या दराच्या फक्त 30 टक्के मिळतात, आणि तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. हृदयाची शस्त्रक्रिया निघाली तर या फरकावर एकराभराची शेती विकायची की नाही ते ठरते. माणूस पाच किलो तांदळासाठी खोटे बोलत नाही, तो रुग्णालयाच्या बिलाच्या भीतीने बोलतो.

म्हणून कार्डाची हाव कमी करायची असेल तर नोटिसा पाठवण्यापेक्षा कार्डाला बांधलेल्या गोष्टी सोडवणे अधिक उपयोगाचे ठरेल. आरोग्यविम्याची पात्रता वेगळी ठरवावी आणि ती मध्यमवर्गाच्या खालच्या थरापर्यंत न्यावी. मग ज्याला तांदूळ नको तो आपणहून कार्ड सोडण्याचा विचार तरी करील. हे राज्याला महाग पडेल, हा आक्षेप खरा आहे. पण आजही तो खर्च होतोच आहे, फक्त अन्नाच्या खात्यावर आणि चुकीच्या रूपात.

‘फुकट तांदळामुळे मजूर मिळेनासे झाले’

ऊस लावणारा प्रत्येक शेतकरी हे वाक्य बोलतो, आणि त्याची अडचण खोटी नाही. भांगलणीला माणसे मिळत नाहीत आणि मिळाली तर पूर्वीच्या मजुरीत येत नाहीत. पण दोष तांदळाचा आहे का, ते मोजून पाहू. पाच माणसांच्या घराला केंद्राचे 25 आणि राज्याचे 25 असे 50 किलो मिळाले आणि बाजारात साधा तांदूळ 40 रुपये किलो धरला, तर ही मदत महिन्याला 2 हजार रुपयांची होते. वर सांगितलेल्या 370 च्या दराने ती एका माणसाची पाच-साडेपाच दिवसांची मजुरी आहे. उरलेल्या चोवीस दिवसांत तेल, डाळ, मिरची, गॅस, शाळेची वही, मोबाईलचे रिचार्ज, औषध आणि बचत गटाचा हप्ता यांतले काहीही तांदळाने भागत नाही. पाच दिवसांच्या मिळकतीवर महिनाभर कोणी घरी बसत नाही.

मजूर गेला आहे तो दुसऱ्या कामावर: बांधकामावर, उद्यमबागच्या कारखान्यांत, गोव्यात, पुण्यात. एवढे मात्र खरे की घरात महिन्याचा तांदूळ असला तर माणूस मिळेल त्या मजुरीला होकार देत नाही, दोन दिवस थांबून घासाघीस करू शकतो. शेतकऱ्याला हे खुपते हे समजण्यासारखे आहे. पण त्याचा उपाय उसाच्या आणि भाजीपाल्याच्या भावात शोधायला हवा, मजुराच्या डब्यात नव्हे.

मग लोक तांदूळ विकतात ते का?

विकतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. रेशनचा तांदूळ विकणे बेकायदा आहे, तरी गावोगाव तो गोळा करणारे असतात आणि सीमेच्या या बाजूचा तांदूळ पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. सरकारला दुकानापर्यंत आणायला किलोमागे 40 रुपयांच्या आसपास पडणारा तांदूळ त्याच्या निम्म्याहून कमी भावात जावा, हे कोणालाही झोंबेल.

पण तो विकला का जातो हे घराच्या चुलीपाशी जाऊन पाहावे लागते. खानापूरच्या पश्चिमेला भात हेच मुख्य अन्न आहे. अथणी, रायबाग, गोकाकच्या बाजूला भाकरी ज्वारीची, आणि भात जेवणाच्या शेवटी मूठभर. त्या घरात महिन्याला 50 किलो तांदूळ येतो आणि तूरडाळ किलोभर घ्यायलाही विचार करावा लागतो. मग बाई काय करते? दहा-पंधरा किलो तांदूळ देते आणि त्या पैशांत डाळ-तेल आणते. याला चोरी म्हणा किंवा अदलाबदल म्हणा, त्यातून कळते ते एवढेच की आपण चुकीची वस्तू भरपूर देत आहोत. त्यातच रेशनच्या तांदळात पोषणमूल्ये मिसळलेले दाणे येऊ लागले. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 जीवनसत्त्व घालून बनवलेला असा एक दाणा साध्या शंभर दाण्यांमागे मिसळतात. तो किंचित पिवळट दिसतो, धुताना तरंगतो, आणि निवडताना बायका तो ‘प्लास्टिकचा’ म्हणून नेमका वेचून फेकतात. ज्यासाठी खर्च केला तेच कोंबड्यांपुढे पडते, कारण पोते उतरवताना दोन वाक्यांत सांगायचे कोणाला सुचले नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने वरच्या पाच किलो तांदळाऐवजी डाळ, तेल, साखर आणि मीठ असलेला ‘इंदिरा’ आहार संच देण्याचा निर्णय घेतला. दिशा योग्य आहे. महाराष्ट्रात 2022 च्या दिवाळीला 100 रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेलाचा ‘आनंदाचा शिधा’ दिला गेला होता, त्यामुळे सीमाभागाला ही कल्पना नवी नाही. फरक असा की सणाचा शिधा वर्षातून एक-दोनदा असतो आणि डाळ रोज लागते. अडचण पुरवठ्याची येईल: तांदूळ वर्षभर गोदामात टिकतो, तेलाची पिशवी फुटते, डाळीला कीड लागते आणि तिच्या दर्जात हातचलाखी करणे सोपे असते. ज्या भागात ज्वारी पिकते तिथे ती हमीभावाने घेऊन तिथल्याच दुकानांत दिली, तर शेतकरी आणि कार्डधारक दोघांचेही साधेल. मला तरी तेलाच्या पिशवीपेक्षा हा मार्ग टिकाऊ वाटतो.

सरळ रोख पैसे दिले तर?

अर्थशास्त्र्यांचा एक मोठा गट हेच सुचवतो. चंडीगड आणि पुदुच्चेरीत 2015 पासून धान्याऐवजी पैसे देण्याचा प्रयोग झाला. आपल्याला तर दूर पाहण्याची गरजच नाही. 2023 मध्ये केंद्राने राज्याला जादा तांदूळ विकायला नकार दिला, तेव्हा जुलैपासून कर्नाटकाने वरच्या पाच किलोंचे पैसे खात्यावर जमा केले: किलोला 34 रुपये, माणशी 170 रुपये. 2025 च्या जानेवारीत केंद्राने राज्यांसाठी तांदळाचा दर किलोला 22 रुपये 50 पैशांवर आणला, तेव्हा राज्याला पैशांपेक्षा तांदूळ देणे स्वस्त पडू लागले आणि फेब्रुवारीपासून पुन्हा धान्य आले. बदल का झाला याचे साधे कारण हे आहे.

या दीड वर्षात दोन्ही बाजू दिसल्या. ज्याला भात नको त्याला 170 रुपये मोकळे वाटले. पण बाजारात तांदूळ महागला तरी 34 चे 35 झाले नाहीत. खाते आधारला जोडलेले नसेल तर पैसे अडकले आणि हप्ते उशिरा आले. दुकानात पोते आले नाही तर सगळा गाव एकदम विचारतो. खात्यावर पैसे आले नाहीत तर प्रत्येक जण एकटा बँकेत जातो आणि त्याला उद्या या म्हणून सांगितले जाते. बेळगाव शहरातल्या शहापूर-वडगावात बँक हाकेच्या अंतरावर आहे. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या रानातल्या वाडीतून 170 रुपयांसाठी दिवस मोडून जाणे परवडत नाही.

गळती थांबवायची तर कुठे?

इक्रिअर या दिल्लीतील संशोधन संस्थेने 2022-23 च्या घरखर्च पाहणीवरून असा अंदाज काढला की सुमारे 28 टक्के रेशन धान्य अपेक्षित लोकांपर्यंत पोहोचत नाही. 2011-12 मध्ये हेच प्रमाण 40 टक्क्यांच्या वर होते, म्हणजे सुधारणा झाली आहे, तरीही चौथ्या हिश्शाहून अधिक धान्य वाटेत जाते. केंद्राचा अन्न अनुदानाचा खर्च 2025-26 च्या अर्थसंकल्पात 2 लाख कोटींहून अधिक होता, हे लक्षात घेतले तर रक्कम किती मोठी आहे ते कळते. पण गोदाम आणि दुकान यांच्यामध्ये जे नाहीसे होते ते गावातली दहा कार्डे रद्द केल्याने थांबत नाही. 2015 मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या शांताकुमार समितीने लाभार्थी देशाच्या लोकसंख्येच्या 67 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर आणून माणशी धान्य मात्र 7 किलो करावे असे सुचवले होते. कागदावर हे नीट दिसते. पण गरीब ओळखण्याची जी पद्धत 67 टक्क्यांवरच एवढी चुकते, तिच्या हातात आणखी एक-चतुर्थांश लोकांना वगळण्याचे काम देणे मला धोक्याचे वाटते.

त्यापेक्षा उलट करावे. कोण गरीब हे सिद्ध करायला लावण्याऐवजी कोण नक्की गरीब नाही याची छोटी, सरकारच्याच नोंदीतून तपासता येणारी यादी ठेवावी: सरकारी नोकर, निवृत्तिवेतनधारक अधिकारी, प्रत्यक्ष कर भरणारे, मोठे बागायतदार. बाकी सर्वांना आत घ्यावे. थोडे खडे राहतील. राहू द्यावेत.

अंगठा उमटत नाही तेव्हा

दुकानातल्या छोट्या यंत्रावर अंगठा ठेवला की आधारशी पडताळणी होते. यामुळे बनावट कार्डांना आळा बसला हे मान्य केले पाहिजे. पण निपाणीत वर्षानुवर्षे तंबाखू आणि विड्या हाताळलेल्या बाईचा अंगठा गुळगुळीत झालेला असतो. ती बोट पदराला पुसते, कपाळाच्या घामावर घासते, पुन्हा ठेवते. यंत्र नाही म्हणते. मागची रांग कुजबुजते. दुकानदार ‘मावशी, उद्या सकाळी या’ म्हणतो. उद्या म्हणजे आणखी एका दिवसाच्या विड्या बुडाल्या. डोळ्याच्या बुबुळावरून किंवा मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीवरून पडताळणीची सोय आहे आणि बोट न उमटल्याच्या कारणावरून पात्र माणसाला धान्य नाकारू नये, अशा केंद्राच्या सूचनाही आहेत. त्या दुकानाच्या भिंतीवर क्वचितच लिहिलेल्या दिसतात, आणि मोबाईलवरचा संदेश किंवा नोटीस कन्नडमध्ये आली तर मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या आजीला ती वाचायला नातवाची वाट पाहावी लागते. भाषेचा हा वाद राजकारणात कितीही ताणला गेला असला, तरी धान्याच्या नोटिशीवर दोन ओळी मराठीत छापायला फार शाई लागणार नाही.

कामासाठी सीमेपलीकडे गेल्यावर

‘एक देश, एक रेशन कार्ड’ या सोयीमुळे कर्नाटकाच्या कार्डावर गोव्यात किंवा इचलकरंजीत धान्य घेता येते; कर्नाटक 2020 पासून यात आहे. कुटुंबातील काही जण गावी आणि काही बाहेर असतील तर वाटून घेण्याचीही मुभा आहे. मात्र बाहेरच्या राज्यात फक्त केंद्राचे पाच किलो मिळतात, राज्याची भर मिळत नाही. दुकानदाराने फसवले असे समजून भांडण करण्याआधी हे माहीत असावे. दर महिन्याला गावी परतणे शक्य नसलेल्या गवंड्याच्या घराचे अर्धे रेशन मात्र यात बुडते, आणि यावर दोन्ही राज्यांनी मिळून काही ठरवल्याचे दिसत नाही.

कार्ड रद्द झाल्याचे कळले तर

घाबरून दलालाकडे जाऊ नये. कोणत्या निकषावर कार्ड काढले ते तहसीलदार कचेरीतील अन्न विभागात लेखी अर्ज देऊन विचारावे आणि अर्जाची पोच घ्यावी. शून्य कराचे विवरणपत्र हे कारण असेल तर विवरणपत्राची प्रत जोडावी. वाहन पोटापाण्याचे असेल तर परवाना आणि नोंदणीची प्रत द्यावी. वाटण्या झालेल्या जमिनीचा उतारा अजून एकत्र असेल तर आधी तो वेगळा करून घ्यावा, कारण तीन भावांची जमीन एकाच्या नावावर दिसली की तीन हेक्टरांची मर्यादा सहज ओलांडली जाते. उत्तर आले नाही तर अन्न सुरक्षा कायद्याने नेमलेल्या जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर राज्य अन्न आयोगाकडे दाद मागता येते. 1967 या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. पात्र असूनही धान्य मिळाले नसेल तर त्याबदल्यात अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद याच कायद्याच्या आठव्या कलमात आहे, आणि अर्जात त्या कलमाचा उल्लेख करायला विसरू नये.